कुरण उघडण्याचा मान

सेनोबिया वार्काने राखणदार झाल्यावर पहिला दंड ठोकला तो स्वतःच्या नवऱ्याला. मेल्चोरच्या दोन अल्पाका माद्या बंदीच्या दिवसांत राखीव कुरणात शिरल्या होत्या, आणि मेल्चोर दगडाला टेकून, गालात कोकाची पानं धरून, निवांत बघत बसला होता. सभेत तो म्हणाला, "चुकून गेल्या." सेनोबिया उभी राहिली. "चुकून जायला त्या काय पाहुण्या आहेत, घर चुकल्या? हा तिथंच बसला होता. लिहा दंड."

वाय्यापाता वस्तीचा दंड म्हणजे एक जनावर कापायचं, त्याचा रस्सा साऱ्या वस्तीने खायचा आणि दंड झालेल्या घराने नुसता वाढायचा, चव घ्यायची नाही. दंड झालेल्या घरात मेल्चोरची बायकोही आलीच. तेव्हा सेनोबियाने त्या दिवशी एकवीस घरांना डाव भरभरून रस्सा वाढला, आणि घरी येऊन नवऱ्यासोबत गोठवून वाळवलेले बटाटे उकडून खाल्ले. मेल्चोर आठ दिवस तिच्याशी बोलला नाही. तिलाही तेवढाच आराम.

या गोष्टीला सव्वीस वर्षं झाली. मेल्चोर वारला, त्या दोन माद्यांच्या नातींच्या नाती कळपात फिरू लागल्या, दंडाचा नियम मात्र जसाच्या तसा राहिला. तो सेनोबियानेच सभेला मंजूर करायला लावला होता.

शहरातले लोक जीपमधून येतात, उघड्याबोडक्या डोंगरांच्या मधोमध तो हिरवा पट्टा बघतात आणि म्हणतात, "वा! निसर्गाची किमया!" किमया निसर्गाची असती तर शेजारच्या खोऱ्यातही दिसली असती. ती सेनोबियाच्या कुदळीची आहे. जून ते ऑगस्ट हा इथला हिवाळा, जेव्हा रात्रीचं पाणी भांड्यात दगड होतं, तेव्हा ही बाई टायरच्या चपला घालून बर्फाच्या ओढ्यात उभी राहते. गवताची ढेकळं लावून पाणी अडवते, बोटाएवढे पाट काढते आणि ते पाणी कुरणभर पातळ पसरवते. पाणी एका जागी साचलं तर कुजतं, धावलं तर माती घेऊन जातं. ते चालत राहिलं पाहिजे, म्हातारीसारखं. एवढं सगळं करायचं आणि तीन महिने कुणाचंही तोंड त्या गवताला लागू द्यायचं नाही. त्या तीन महिन्यांत जनावरं डोंगरावरच्या पिवळ्या काड्या चघळून दिवस काढतात.

मग सप्टेंबर येतो, वसंत लागतो. सेनोबिया रोज सकाळी कुरणात उकिडवी बसून मूठभर गवत ओढते. मुळासकट हातात आलं तर अजून थांबायचं. मुळं मातीत राहून पातं तुटलं तर उघडायचं. हे ती ठरवते, आणि तिने सांगितलेल्या सकाळी बावीस घरांचे कळप आत जातात. राखणदाराचा कळप सर्वांत शेवटी. तो तिचा मान.

गेल्या वर्षी या सगळ्याचं प्रशिक्षण सेनोबियाला देण्यासाठी एक प्रकल्प आला.

प्रकल्पाबरोबर इंजिनिअर वाल्तेर आला. पोरगा वाईट नव्हता. समुद्रकाठचा असल्यामुळे या उंचीवर पहिले चार दिवस डोकं धरून गाडीतच पडून होता, आणि सेनोबियाने पाजलेल्या काढ्यावर उठून बसला. पाचव्या दिवशी त्याने बायकांना गोळा केलं आणि कुरण कसं राखावं हे फळ्यावर रंगीत खडूंनी काढून दाखवलं. सेनोबिया पहिल्या रांगेत बसली. तीन दिवस एक शब्द बोलली नाही. शेवटी त्याने बाईंना आदराने हाक मारून विचारलं, "दोन्या सेनोबिया, काही शंका?"

"एकच. हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"विद्यापीठात."

"त्यांना कुणी शिकवलं?"

वाल्तेर हसला. सगळ्या बायका हसल्या. सेनोबियाला एक टोपी आणि एक प्रमाणपत्र मिळालं, प्रमाणपत्रावर नाव 'सेबेरिना' पडलं होतं.

प्रकल्पाने कुरणाभोवती तारेचं कुंपण घातलं. दगडी बांध होताच, पण बांधाचा फोटो चांगला येत नाही. फाटक बसवलं रस्त्याच्या बाजूला, कारण साहेबांची गाडी तिथपर्यंतच येते. कळपांची वाट पलीकडून, डोंगराच्या अंगाने होती, ती कुणी विचारली नाही. अल्पाका हे मोठं शिस्तीचं जनावर. अख्खा कळप लेंड्या एकाच जागी टाकतो, आणि आजीने धरलेली जागा नात सोडत नाही. कुंपणाची तार नेमकी त्या ढिगावरून गेली, ढीग आत आणि जनावरं बाहेर. रोज सकाळी माद्या तारेला नाक लावून रांगेत उभ्या राहायच्या. दवाखान्याची खिडकी उघडायची वाट बघणारी माणसं असतात, तशा.

"काय हो इंजिनिअरसाहेब," एउफेमिया म्हातारी म्हणाली, "यांनाही टोकन देणार का?"

मग सभा झाली. सभेत जी गोष्ट वहीत लिहिली जाते, सह्या होतात, शिक्का बसतो, ती वाय्यापातात देवाच्या वरची. पाद्र्याशी माणूस खोटं बोलेल, वहीशी नाही. वाल्तेरने मांडलं की यंदा कुरण समारंभाने उघडायचं. मोठे डायरेक्टर स्वतः येतील, फीत कापतील, फाटकाचं कुलूप काढतील. वीस सप्टेंबर. तोवर कुणीही जनावर आत घालू नये. अध्यक्ष एवारिस्तोने मान डोलावली. हा एवारिस्तो म्हणजे सेनोबियाचा कोम्पाद्रे. तिच्या मुलीचं जावळ त्याने काढलं होतं, तेव्हापासून तो तिचा कोम्पाद्रे आणि ती त्याची कोमाद्रे. सेक्रेटरी फाकुंदोने वहीत लिहिलं, वाचून दाखवलं. सेनोबियाने तारखेचा हिशोब मनात केला. वीस सप्टेंबर म्हणजे तिच्या अंदाजाच्या आसपासच. चाळिसाव्या वर्षी शिकलेली सही तिने वहीत ठसठशीत केली.

एकोणीस तारखेला निरोप आला, डायरेक्टरसाहेबांची बैठक आहे. समारंभ चार ऑक्टोबरला.

तीन ऑक्टोबरला निरोप आला, परदेशी पाहुणे आहेत. अठरा तारखेला नक्की.

गवत तोवर तयार होऊन गेलं होतं. सेनोबिया तारेतून हात घालायची, ओढायची, पातं कट्‌कन तुटायचं. डोंगरावर काडीसुद्धा उरली नव्हती. तिच्या कळपात एकोणीस माद्या गाभण, नववा-दहावा महिना चाललेला, पोटातली पोरं आतून ओढत होती आणि बाहेरून घालायला काही नव्हतं. दहा ऑक्टोबरच्या सकाळी एका पांढऱ्या मादीने गाभ टाकला. हातभर लांब पिल्लू, अंगावर लोकर धरू लागलेली. सेनोबियाने ते पोत्यात गुंडाळून पुरलं. त्याच दिवशी दुपारी कापुली खाली बसली ती उठेना.

कापुली ही काळ्या चेरीच्या रंगाची मादी, कळपाची म्होरकी. ती उठली तर बाकीच्या उठतात. सेनोबियाने पोटाखाली दोर घालून तिला उभं केलं, उकडलेल्या बटाट्यांचं पाणी पाजलं, आणि तशीच तरातरा एवारिस्तोच्या दारात गेली.

"कोम्पाद्रे, किल्ली काढ."

"बस तरी आधी, कोमाद्रे. सूप घे."

"सूप माझ्या माद्यांना दे. किल्ली काढ."

"किल्ली इंजिनिअरकडे आहे."

"मग कुऱ्हाड काढ."

एवारिस्तोने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. तो गुळगुळीत माणूस. सगळ्या साहेबांना आवडतो. "आपण शब्द दिलाय. वहीत आहे. तुझी सही आहे, चांगली मोठी."

"शब्द वीस सप्टेंबरचा दिला होता. तारीख त्यांनी मोडली, मी नाही."

"अठराला येतायत ना. आठ दिवस."

"त्या डायरेक्टरची एखादी मादी गाभण आहे का रे? असेल तर त्याला आठ दिवस कळतील."

"कोमाद्रे," एवारिस्तो हळूच म्हणाला, आणि ते हळूच म्हणणंच जास्त लागलं, "मेल्चोरच्या दोनच माद्या होत्या. त्याही भुकेल्या होत्या. तू तेव्हा काय म्हणालीस?"

  सेनोबिया वळली आणि दाराला लाथ मारून गेली. दार उघडंच होतं, त्यामुळे लाथही वाया गेली.

फोनला रेंज मिळवायला खिंडीवर चढावं लागतं. ती चढली. वाल्तेरचा आवाज लांबून आला, बिचाऱ्याचा खरोखरच अवघडलेला.

"दोन्या सेनोबिया, मी काय करू? समारंभ आठ नोव्हेंबरला गेलाय. आजच कळलं."

"नोव्हेंबर?"

"साहेब म्हणतात, कुरण तोवर चरू देऊ नका. फोटोत हिरवं दिसलं पाहिजे."

"आणि माद्या? त्या कशा दिसल्या पाहिजेत?"

 वाल्तेर म्हणाला, "मला विचारू नका हो. मी कंत्राटावर आहे."

ती खिंडीवर थोडा वेळ बसली. खाली सगळं दिसत होतं. पिवळा डोंगर, मधला हिरवा तुकडा, त्याभोवती चकचकीत तार, आणि तारेला चिकटलेले पांढरे-काळे ठिपके. तार तोडायला तिला एक पक्कड पुरली असती. रात्री जाऊन तोडली असती तर कुणी नावही घेतलं नसतं, सगळ्यांचीच जनावरं मरत होती. पण चोरून कुरणात शिरणारी माणसं तिने सव्वीस वर्षं पकडली होती, आणि त्यांची तोंडं कशी दिसतात हे तिला माहीत होतं. तसलं तोंड तिला स्वतःला नको होतं.

रविवारी सभा भरली. पाणीपट्टीचा विषय संपायच्या आधीच सेनोबिया उभी राहिली.

"मी उद्या सकाळी कळप कुरणात घालणार आहे. राखणदारानेच नियम मोडला तर दंड आणि वर पदही जातं. दोन्ही लिहून घ्या."

 फाकुंदोने पेन उचलला, ठेवला. "दोन्या सेनोबिया, गुन्हा अजून झालेला नाही."

"उद्या होईल."

"मग उद्या लिहितो. न झालेला गुन्हा वहीत कसा लिहू? उद्या तुमचा विचार बदलला तर वही खोटी पडेल."

"माझा विचार बदललेला तू कधी बघितलास?"

"तसं नाही..."

"लिही. वही खोटी पडणार नाही याची जबाबदारी माझी. मी चोरून जाणार नाही. आधी दंड, मग कुरण."

फाकुंदो बिचारा लिहू लागला. तोंडाने पुटपुटत होता, 'सेनोबिया वार्का, उद्या सकाळी, जाणूनबुजून...' तेवढ्यात मागून एउफेमिया म्हातारीचा आवाज आला.

"अरे फाकुंदो, हात लिहिता आहेच तर माझंही लिही. मीपण उद्याच जाणूनबुजून."

"आजी, तुमच्या तर चारच माद्या."

"चार माद्यांना तोंडं नसतात का?"

कुणीतरी हसलं. मग दुसऱ्या बाकावरून एक हात वर झाला. "माझंही लिही." मग तिसरा. पुरुष आधी एकमेकांकडे बघत राहिले, बायकांनी कोपराने ढोसलं तसे त्यांचेही हात वर झाले. फाकुंदोने पान उलटलं. एकवीस नावं झाली. वर मान न काढता त्याने विचारलं, "म्हणजे एकवीस जनावरं कापायची?"

"नियम आहे," सेनोबिया म्हणाली.

"पण दंडाचा रस्सा दंड न झालेल्यांनी खायचा, तोही नियम आहे." फाकुंदोने बोटाने नावं मोजली. "दंड न झालेलं एकच घर राहतंय."

सगळ्या सभेने मान वळवून अध्यक्ष एवारिस्तोकडे बघितलं. एकवीस जनावरांचा रस्सा, तो आणि त्याची बायको.

"एवारिस्तो," एउफेमियाने काळजीने विचारलं, "दात शाबूत आहेत ना?"

सभागृहाचे पत्रे वाजतील एवढं हसू झालं. एवारिस्तो लाल झाला, पांढरा झाला, आणि शेवटी तोही हसला, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. त्याच्याही घरी अकरा माद्या तारेला नाक लावून उभ्या होत्या. "लिही बाबा, माझंही."

आता पंचाईत झाली. दंड सगळ्यांना, खाणारं कुणी नाही. जनावर कापून रस्सा ओतून देणं म्हणजे पाप. तासभर वाद झाला आणि शेवटी ठरलं की जनावरं कापायची नाहीत, दंड माफ.

"माफ कसला?" सेनोबिया ओरडली. "माझा घ्या! मी माझं जनावर बांधून ठेवलंय. नियम काय खेळ आहे? मेल्चोरचा घेतला होता ना?"

"कोमाद्रे, खाली बस," एवारिस्तो म्हणाला. आता त्याचा आवाज गुळगुळीत राहिला नव्हता. "दंड माफ झाला. पण ऑफिसला उत्तर द्यावं लागेल. कुरण कुणी उघडलं, कुणाच्या राखणीत उघडलं, विचारतील. बावीस नावं सांगितली तर प्रकल्प जाईल. एक नाव सांगावं लागेल."

 हसणारे सगळे जमिनीकडे बघू लागले. मघाशी हात वर करणारी माणसं हीच, आता एकाचाही हात वर जाईना. धाडस असंच असतं, गर्दीत स्वस्त मिळतं.

"माझं सांग," सेनोबिया म्हणाली. "खरंच आहे ते. पद मी आधीच सोडलंय, वहीत आहे." आणि ती बसली. तिने सही केली तेव्हा अक्षरं नेहमीपेक्षा बारीक आली. नव्या राखणदाराच्या जागी, ऑफिसला ओळखीचं नाव असावं म्हणून, एवारिस्तोचं नाव लिहिलं गेलं.

सोमवारी सकाळी बर्फ विरघळल्यावर सगळे डोंगराच्या बाजूला जमले. फाटकाच्या कुलपाला कुणी हात लावला नाही. लेंड्यांच्या ढिगापाशी तारेचे तीन पदर खुंट्यांवरून काढून जमिनीवर दाबून धरले, इतकंच. बायकांनी धरणीला नैवेद्य म्हणून कोकाची तीन-तीन पानं मातीत ठेवली, वर थोडी दारू शिंपडली. जनावरं थबकली. मान उंच करून ती त्यांचं ते हुंकारासारखं गुणगुणणं करत राहिली. मग एउफेमियाची एक म्हातारी मादी पुढे झाली, ढिगावर गेली, महिनाभर अडलेलं काम शांतपणे उरकलं, आणि मग खाली मान घालून गवताला तोंड लावलं. तिच्यामागे पाचशे जनावरं लोंढ्यासारखी आत शिरली.

सेनोबियाचा कळप बाजूला उभा होता.

"घाल की आता," एवारिस्तो म्हणाला.

"राखणदाराचा कळप शेवटी जातो. तुझा आधी मागे घे."

एवारिस्तोने आपल्या माद्यांकडे पाहिलं. त्या केव्हाच घोटाभर पाण्यात उभ्या राहून ओरबाडत होत्या. त्याने खाली बघत बोट दाखवलं, जा. सेनोबियाने कापुलीच्या पोटाखालचा दोर एका हातात धरला आणि दुसऱ्या हाताने तिचं ढुंगण ढकलत तिला आत नेलं. पहिला घास घ्यायला कापुलीला बराच वेळ लागला. तिने खाली बघितलं, वर बघितलं, सेनोबियाच्या शालीवर थुंकली, आणि मग खाल्लं.

आठ नोव्हेंबरला डायरेक्टर आले. ऑफिसने तोवर कुणाचंच नाव विचारलं नव्हतं. फीत कापली, कुलूप काढलं, फाटक उघडलं. आत पाचशे जनावरं पोटं भरून बसली होती, रवंथ करत.

"ही आधीच आत कशी?" साहेबांनी विचारलं.

"आत सोडून ठेवलीत, साहेब," वाल्तेर पटकन म्हणाला. "फोटोसाठी."

हा मुलगा शेवटी काहीतरी शिकला होता. साहेबांना जनावरं बाहेर काढून पुन्हा आत घालताना फोटो हवा होता. फोटोवाल्याने पाय आपटले, टाळ्या वाजवल्या, एकही उठलं नाही. मग बसलेल्या जनावरांचाच फोटो झाला. साहेब भाषणात म्हणाले की हे हिरवं कुरण कुंपणाचं यश आहे, आणि आदर्श राखणदार म्हणून एवारिस्तोच्या हातात एक थर्मास दिला. सेनोबियाने सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या, एवढ्या जोरात की एवारिस्तोला मान वर करता येईना. दुसऱ्या दिवशी ती कुदळ खांद्यावर टाकून पाटांवर गेली. पद गेलं होतं, पाण्याला त्याची खबर नव्हती.

डिसेंबरात विण्याचा हंगाम लागला. अल्पाका सकाळीच वितात, उन्हात पिल्लू वाळावं म्हणून. कापुली उन्हं चढायच्या आत आडवी झाली आणि सेनोबिया तिच्याशेजारी दगडावर बसली. पिल्लाचं डोकं आलं, मग पुढचे पाय, मग सगळं एकदम गवतात घसरलं. काळंभोर, ओलं, कान जडावलेले. सेनोबियाने त्याच्या नाकातलं पाणी बोटाने काढलं आणि हात मागे घेतला. पुढचं त्याचं त्याने करायचं.

पाय वाजले. एवारिस्तो येऊन तिच्या मागे उभा राहिला.

"कोमाद्रे, पाऊस सुरू झालाय. जनावरं डोंगरावर कधी न्यायची, लोक विचारतायत."

"राखणदाराला विचार म्हणावं."

"राखणदार मीच आहे."

"मग तुला ठाऊक असेलच."

 पिल्लाने पुढचे पाय रोवले, मागचे उचलले आणि तोंडावर पडलं. पुन्हा उचलले, पुन्हा पडलं. कापुली मान वळवून गुणगुणत होती.

"मला ठाऊक नाही," एवारिस्तो म्हणाला. "मी आजवर कधी बघितलंच नाही. तू सांगायचीस, आम्ही जायचो."

सेनोबियाने वर पाहिलंच नाही. "हे सभेत म्हणशील? वहीत लिहायला?"

एवारिस्तोने टोपी काढून हातात धरली. "म्हणेन."

"बघू." पिल्लू चौथ्यांदा उभं राहत होतं, पाय चारी दिशांना पसरलेले, अंग थरथरत. "आता बाजूला सरक, कोम्पाद्रे. त्याच्या अंगावर तुझी सावली पडतेय."